थोरलीचं नाव आणि बयचा पिंड

आमच्या घराण्याची वंशावळ कुणाला हवी असली की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. पुतणे येतात, भाचे येतात, पुढ्यात बसतात आणि विचारतात, "काका, तात्या म्हणजे कोण? नाना म्हणजे कोण?" मी घडाघडा सांगतो. पुरुषांचं काही अवघड नसतं. टोपणनावामागे खरं नाव कुठेतरी शाबूत असतं, शेताच्या उताऱ्यावर किंवा देवळाच्या पायरीवर. बायकांपाशी आलो की माझी जीभ जड होते. आमच्या घरात नांदायला आलेल्या बायकांची नावं म्हणजे गावंच: भोसरीकरीण, दिघीकरीण, चाकणकरीण. जशी काही गावंच सून म्हणून आली होती.

लोकांना वाटतं, म्हातारपणी मला वंशावळीचा नाद लागला. नाद कसला! आईचं नाव ठाऊक नसलेल्या माणसाची ही खोड आहे. तरुणपणी एकदा तोंडघशी पडलो, तेव्हापासून कुठलीही बाई भेटली की पाळण्यातलं नाव विचारतो. त्यानं मागचं काही फिटत नाही, हे मला कळतं.

माझ्या आईला आम्ही बय म्हणायचो. तिचं माहेर चाकणच्या पलीकडचं, म्हणून आळीतल्या बायका तिला चाकणकरीण म्हणत. माझे वडील, म्हणजे आबा, तिला काहीच म्हणत नसत. "ऐकलं का" एवढं म्हटलं की ती ऐकायची. आमचं घर चिंचवड गावात, नदीच्या अंगाला. शेती थोडकी. मी दापोडीच्या वर्कशॉपात कामाला जायचो, सायकलवर. तेव्हा पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि त्या रस्त्यानं जाताना सारखी धूळ उडायची.

बयला नाव आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते देशातल्या पहिल्या मतदानाच्या वेळी. यादी करायला माणूस आला तेव्हा आबांनी सांगितलं असणार. मतदानाला शाळेत गेलो. आतल्या कारकुनानं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, आणि बय आपली भिंतीकडे बघत उभी. मी तिला कोपरानं ढोसलं, "बय, तुझंच नाव." तेव्हा ती दचकून पुढे झाली. घरी आल्यावर मी ती गोष्ट आळीभर केली. बयला स्वतःचंसुद्धा नाव ठाऊक नाही, म्हणून हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. बयही पदर तोंडाशी धरून हसली. का हसली असेल, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढे एका हिवाळ्यात बय तापानं गेली. अंथरुणाला खिळून आम्हाला दमवलंही नाही तिनं. तिसऱ्या दिवशी राख सावडून घाटावरून परत आलो आणि दुपारी गुरुजी ओसरीवर आले. दहाव्याला काय काय लागेल ते सांगितलं. मग म्हणाले, "गोत्र?" आबांनी मान हलवली. गुरुजी म्हणाले, "ठाऊक नसलं तर काश्यप धरू. आणि नाव?"

मी मतदानाच्या वेळी ऐकलेलं नाव सांगितलं. आईचं नाव चटकन सांगता आलं याचा मला थोडा अभिमानही वाटला.

"ते नगं," आबा म्हणाले.

आबा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या टाळूवर नुकताच वस्तरा फिरलेला. म्हणाले, "त्या नावाचा पिंड मी एकदा दिलाय."

आबांचं आधी एक लग्न झालं होतं हे मला माहीत होतं. ती बाई लग्नानंतर दोनेक वर्षांत मूल होताना गेली, मूलही गेलं. घरात तिला थोरली म्हणत. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक होता आणि बय रोज त्याला कुंकू लावायची. पितृपंधरवड्यातल्या नवमीला थोरलीसाठी सवाष्ण जेवायला बसायची. स्वयंपाक बयच करायची. गुरुजी येऊन थोरलीच्या नावानं पाणी सोडत. ते नाव माझ्या कानांवर दरवर्षी पडत असणार. पण माझं लक्ष खिरीकडे.

त्या दुपारी आबांनी सांगितलं ते असं. बय लग्न होऊन आली तेव्हा आबांची आई जिवंत होती. ती म्हणाली, आता नवं नाव कोण पाठ करत बसणार, तोंडात बसलंय तेच ठेवा. मग आबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं थोरलीचंच नाव लिहिलं. बय तेव्हा परकरी पोर. लग्नाला आलेल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कित्येक घरी तसंच होत असे.

"पर मला त्या नावानं हाक मारवंना," आबा म्हणाले. "मारली की थोरलीच डोळ्यापुढं यायची. मंग मी नावच टाकलं."

गुरुजी भले माणूस. ते म्हणाले, "नुसतं माता म्हटलं तरी चालेल. देवाला कळतं."

"देवाला कळंल हो," आबा म्हणाले. "पर त्या नावानं हाक गेली की तिथंबी थोरलीच म्होरं व्हईल. ही आपली मागं उभी ऱ्हाईल. जल्मभर तेच केलंय तिनं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिच्या बापानं ठिवलेलं काय तरी आसंल की. जा, इचारून ये."

मला आठवलं. नवमीला गुरुजी पाणी सोडायला लागले की बय उठून मागल्या अंगणात जायची, कावळ्याला पान ठेवायला. मला वाटायचं, तिला कामाची घाई. आता कळलं. जिवंतपणी स्वतःच्या नावाचं पाणी सोडलेलं कुणाला ऐकवेल? आणि हे माझ्यासमोर घडत होतं, मी खीर ओरपत होतो. लाज वाटली म्हणणं फार थोडं होईल. मला माझ्या ताटाचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. भोसरी, मोशी करत चाकणला पोचलो, तिथून आडवाटेनं बयच्या माहेरी. शेतांत हरभरा घाट्याला आला होता. मामा जाऊन काही वर्षं झाली होती. मामी दारात बसून शेंगा फोडत होती. सुतक असल्यामुळे मी घरात गेलो नाही, पायरीखाली उभा राहिलो. मामीनं आधी रडून घेतलं. मग मी विचारलं.

"वन्सं," मामी म्हणाली.

"वन्सं न्हाई मामी, नाव."

"आरं, नंदंचं नाव कोन घेतंय? मी आले तवा त्यांचं लगीन होऊन गेल्यालं. सनासुदीला यायच्या. वन्सं आल्या, वन्सं गेल्या."

"मामा काय म्हणायचे?"

ती विचारात पडली. "धाकली म्हनायचं. पर ते काय नाव न्हवं. त्यांच्यापरीस धाकली, म्हनून."

तुझ्या सासूला विचारलं असतंस तर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. मी माझ्या आईला विचारलं होतं का?

गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेलो. त्यांना बयचा बाप आठवत होता, त्याचे बैल आठवत होते, एका बैलाचं नावसुद्धा आठवत होतं. पोरीचं म्हणाल तर, लेक होती खरी, पिंपरी-चिंचवडाकडे कुठेतरी दिली. मी सायकल धरून उभा. बैलाचं नाव सांगणाऱ्या माणसावर राग काढायला मला तोंड नव्हतं.

त्यातल्या एकानं सांगितलं, तुझी मावशी आहे की दिघीला. बयची पाठची बहीण. तिला आम्ही क्वचित भेटायचो. परत येताना भोसरीवरून दिघीकडे वळलो. मावशीचं घर गावाच्या कडेला, लष्कराच्या तारेच्या कुंपणाला लागून. तिला बय गेल्याचा सांगावा पोचला होता, पण गुडघ्यांमुळे येता आलं नव्हतं. मला बघून तिनं हंबरडा फोडला, "आक्का गं, माझी आक्का."

तिचं रडणं ओसरू दिलं आणि विचारलं.

"आक्काला आक्काच म्हनायचं," ती म्हणाली. "एकदा मी आईचं ऐकून नावानं हाक मारली, तर बाबानं तोंडात दिली. थोरल्या भनीचं नाव घेती म्हनून. तवापास्नं तोंडातनं काडलं न्हाई." मग डोळे मिटून आठवू लागली. "आई बांधावरनं हाळी द्यायची... काय म्हनायची बरं..." ओठ हलले. शेवटी म्हणाली, "आवाज येतोय बघ कानात. नाव येत न्हाई."

आणि ती जी रडायला लागली, ती आता बहीण गेली म्हणून नव्हे, तर बहिणीचं नाव गेलं म्हणून. चांगली सावरलेली म्हातारी मी जाऊन पुन्हा रडवली. तिच्या सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी न बोलता निघालो.

वाटेत सायकल मारता मारता मला आमच्या सगळ्या घराण्याचा कावा लक्षात आला. धाकट्यानं थोरल्याचं नाव घ्यायचं नाही, सुनेनं सासूचं घ्यायचं नाही, भावजयीनं नणंदेचं नाही, नवरा-बायकोनं एकमेकांचं नाही. नाव घेण्याचा हक्क तेवढा थोरल्यांचा, आणि थोरले आधी जातात. पुरुषाला चावडीवर, कामावर, बाजारात बाहेरचं कुणीतरी नावानं हाक मारतं. बाई म्हातारी होईस्तोवर तिचं नाव घेणारं एकही माणूस उरत नाही. हा सगळा मानच होता म्हणे.

पुढचे दिवसही मी आशेनं कुणाकुणाला विचारत फिरलो. काही हाती लागलं नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ओसरीवर येऊन बसलो आणि आबांना म्हणालो, "गावलं न्हाई."

आबा म्हणाले, "मंग उद्या काय म्हनायचं तिला?" आणि उपरण्यानं डोळे पुसले. आबांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. बयच्या चितेपाशीसुद्धा ते रडले नव्हते.

माझी बायको आत पिंडाचे तांदूळ निवडत होती. आमच्या लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. तिनं दाराआडून हळूच म्हटलं, "जरा आत येता का?"

मी गेलो. ती सुपावरून नजर न काढता म्हणाली, "आत्यांचं नाव मला ठावं हाय."

सासूला ती आत्या म्हणायची. मला आधी ती काय म्हणतेय ते कळेचना.

"तुला?"

"व्हय."

"मग इतके दिवस गप का बसलीस? मी गावंच्या गावं पालथी घातली."

"मला कुनी इचारलं?"

यात राग असता तर मी वाद घातला असता. तिनं ते, तांदळात खडा निघाला हे सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "आन सासूचं नाव सुनेनं घ्यावं का? त्यातनं त्यांनी ते मला सांगितलंवतं, घराला न्हाई. म्हनलं, तुमी म्हायेरावनं आनाल, मंग माझ्यावर पाळी यायची न्हाई."

मी तिथेच पाटावर बसलो. आणि तिनं मला ते सांगितलं.

लग्नात मीही ताटातल्या तांदळांत नाव लिहिलं होतं. वर्कशॉपातल्या एका कारकुनाच्या बायकोचं नाव मी ऐकलं होतं, मला ते शहरी वाटलं, तेच लिहिलं. दुसऱ्याच्या बायकोचं नाव आवडलं म्हणून आपल्या बायकोला दिलं. इतका साधा मामला. नवी नवरी त्या नावाला ओ देईना. मी हाका मारायचो आणि ती आपली भाकरी थापत राहायची. मी बयपाशी कुरकुर केली होती, "बहिरी आहे का काय?"

बायको म्हणाली, "तुमी कामावर गेलाव. आत्या अन् मी दळाय बसलो. त्यांनी जातं थांबवलं आन म्हनल्या, तुझ्या बापानं काय ठिवलंवतं? मी सांगितलं. तर म्हनल्या, मंग आपल्या दोघीत तेच. तवापास्नं तुमी दोघं घराभाईर पडलाव की त्या मला माज्या नावानं हाक मारायच्या."

"आणि तिचं?"

"मंग त्यांनी त्यांचं सांगितलं. म्हनल्या, एकदा म्हनून दाखीव. लई दिसांत कुनी म्हनलं न्हाई. मी जीभ चावली. त्या जात्याचा खुटा धरून बसल्या, सोडंनात. मंग म्हनलं." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "त्यांनी ‘ओ’ दिली. आन पुन्यांदा जातं फिरवाया लागल्या."

मी रोज संध्याकाळी त्या घरात येत होतो. दोघींच्या हातचं जेवत होतो. माझी पाठ वळली की या घरात दुसऱ्याच दोन बायका राहायच्या, आणि त्यांची मला गंधवार्ता नव्हती.

"सांगतीस?" मी विचारलं. आवाज माझाच, पण आर्जवाचा. तसा मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

आबा ओसरीवर होते. सासऱ्याच्या कानांवर जाईल असं ती बोलणार नव्हती. ती उठली, माझ्या जवळ आली आणि बारशाला आत्या पाळण्यात वाकून सांगते तसं तिनं माझ्या कानात सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. वंशावळीत ते आहे, मागणाऱ्याला मी दाखवतो. पण बयनं ते ज्यांना सांगितलं नाही त्यांतला मी एक. ते मला उष्टं मिळालं आहे, आणि उष्टं चारचौघांत मिरवायचं नसतं.

मी बाहेर येऊन आबांना सांगितलं. त्यांनी ते स्वतःशी हळू म्हणून बघितलं. मग विचारलं, "आसं व्हतं व्हय?" कुणी नव्या माणसाची ओळख करून द्यावी आणि आपण नमस्कार करावा, तसा त्यांचा चेहरा झाला. एवढा संसार झाल्यावर.

दहाव्याला घाटावर गुरुजींनी नाव विचारलं आणि मी मोठ्यानं सांगितलं. भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले. ही कोण, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चाकणकरीण, असं कुणीतरी कुजबुजलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. कावळा बऱ्याच वेळानं शिवला. लोक म्हणाले, आत्मा शांत झाला. मला तसं काही वाटलं नाही. कावळ्याला भूक लागली असेल. ज्या नावानं तिला हाक मारायला हवी होती, त्या नावानं आम्ही भाताचा गोळा वाढला, एवढंच झालं होतं.

बारावं-तेरावं उरकलं, मी कामावर जाऊ लागलो. एक गोष्ट मनातून जाईना. बायकोनं मला बयचं नाव सांगितलं, पण तिचं स्वतःचं मी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत छापलेलं असणार. पण पत्रिकेत मी माझं नाव वाचलं होतं. एका रविवारी ती अंगण सारवत असताना विचारलं. तिनं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. साधं, सुरेख नाव. कारकुनाच्या बायकोच्या नावापेक्षा कितीतरी चांगलं.

मी ठरवलं, आजपासून हेच. तेवढंच माझ्या हातात होतं. आपण मोठंच काही करणार आहोत असंही मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, सायकल भिंतीला लावली आणि अंगणातूनच तिला तिच्या नावानं हाक मारली.

"आले, आत्या," आतून आवाज आला.

पाठोपाठ ती लगबगीनं दारात आली, हात पिठानं भरलेले. चेहऱ्यावर जे काही होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला बघताच ते विझलं. ती उंबऱ्याशी उभी राहिली. मीही उभा राहिलो.

"काय पायजे व्हतं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "पाणी."